जागेवरचे १७ सर्व्हर क्लाउडच्या यादीत कोडनं घालायचेत, अडकलोय (बेळगाव)

उद्यमबागकर
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बेळगावातनं लिहितोय. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज अडकलो म्हणून धागा काढला.

आमच्या मालकांचं कास्टिंग आणि मशिनिंगचं काम. उद्यमबागला दोन शेड, मच्छेला एक, संकेश्वरला छोटं युनिट, निपाणीला गोडाऊन आणि खानापूरला मालकांच्या भावाचा प्लांट. सगळे मिळून १७ सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर एसीची खोली येईल, तसलं काही नाही. चार रॅकमध्ये आहेत, बाकीचे टेबलाखाली टॉवर, एकाच्या वर तर देवाचा फोटो आणि उदबत्तीची राख. पाच व्हर्च्युअल मशीन आहेत. बहुतेक उबंटू, दोन विंडोज.

आतापर्यंत अपडेट मारायचा म्हटलं की मी गाडी काढायची, संकेश्वर करायचं, मग तवंदी घाट उतरून निपाणी, तिथं पोचलो की गोडाऊनवाला म्हणणार लाईट नाही, थांबा की जेवून घ्या. एक दिवस त्यात गेला. पावसाळ्यात विचारूच नका.

बॅकअपसाठी अ‍ॅमेझॉनचं अकाउंट आधीपासून आहे, मुंबई रीजन. त्यातच सिस्टम्स मॅनेजर सापडला, तिथं हायब्रीड अ‍ॅक्टिव्हेशन म्हणून सोय आहे, म्हणजे आपल्या जागेवरचं मशीनसुद्धा त्यांच्या यादीत येतं आणि इथनं बसून कमांड पाठवता येते. मी वेबच्या स्क्रीनवरनं नोंदणीचा परवाना, म्हणजे एक अ‍ॅक्टिव्हेशन काढलं, २० मशीनची मर्यादा, ३० दिवस मुदत, कोड आणि आयडी मिळाला, तो बॅश स्क्रिप्टमध्ये घालून पेनड्राइव्हवर टाकला आणि तीन मशीन हातानं नोंदवली, निपाणीचं धरून. झकास चाललं.

आता उरलेली १४ कोडनं करायची म्हणून पायथनमध्ये बोटो३ (अमेझॉनला कोडनं हुकूम द्यायची लायब्ररी) घेऊन बसलो. स्क्रिप्टनंच आयएएम रोल (मशीनला काय करता येईल त्या हक्कांचा गठ्ठा) बनवायचा, लगेच क्रिएट अ‍ॅक्टिव्हेशन मारायचं, कोड घ्यायचा, एसएसएचनं मशीनवर जाऊन एजंट (मशीनवर चालणारा त्यांचा छोटा प्रोग्राम) बसवून रजिस्टर करायचं, असा बेत. पहिल्याच पायरीला एरर येऊलाय, नॉनएक्झिस्टंट रोल ऑर मिसिंग एसएसएम सर्व्हिस प्रिन्सिपल, म्हणजे रोलच नाही किंवा त्यात एसएसएमचं (सिस्टम्स मॅनेजरचं) नाव नाही. रोल तर डोळ्यासमोर दिसतोय! दुसऱ्यांदा चालवलं तर रोल आधीच आहे म्हणून ओरडतंय. कुणी केलंय का हे?


कुंदा_प्रेमी
सोमवार, रात्री १०:५५

१७ सर्व्हर आणि आयटीवाला एकटा? मालकाला अर्धा किलो कुंदा न्या आणि पगाराचं बोला आधी. बाकी तांत्रिक भागासाठी मलप्रभा अक्का येतीलच, मी खुर्ची पकडून बसलोय.


मलप्रभा
सोमवार, रात्री ११:२०

आले. दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही एकाच एररखाली येतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिलं, रोलची ट्रस्ट पॉलिसी. त्यात एसएसएम या सर्व्हिसला रोल घेण्याची परवानगी लिहावी लागते. बरेच जण ईसी२ (क्लाउडमधली भाड्याची मशीन) साठीची पॉलिसी कॉपी करतात, त्यात सर्व्हिसचं नाव ईसी२ असतं, ते इथं चालत नाही. रोलला जोडायची पॉलिसी मॅनेज्ड इन्स्टन्स कोअर नावाची, अ‍ॅमेझॉनची तयार आहे, तेवढीच द्या. उगाच अ‍ॅडमिन जोडू नका, का ते पुढं सांगते.

दुसरं, आणि तुमचं बहुधा हेच. आयएएममध्ये रोल बनवला की तो सगळीकडं पोचायला काही सेकंद जातात. स्क्रिप्ट रोल बनवून त्याच श्वासात अ‍ॅक्टिव्हेशन मागते, तोवर तिकडं बातमीच पोचलेली नसते. १०-१५ सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करा, चार-पाच वेळा. त्याहून बरं म्हणजे रोल बनवणं या स्क्रिप्टमधनं काढूनच टाका, ते एकदाच करायचं काम आहे.

आणि रोलचं नाव द्यायचं, पूर्ण एआरएन (खात्यासकटचा लांबलचक पत्ता) नाही.


खानापूरचा_पाहुणा
मंगळवार, सकाळी ७:०५

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बावळट वाटेल. आमच्याकडं साधं ब्रॉडबँड, स्टॅटिक आयपी नाही, राउटरवर पोर्ट उघडलेलं नाही. मग मुंबईतला क्लाउड खानापूरच्या मशीनपर्यंत पोचतो कसा? त्याला पत्ता कुठनं कळतो?


संकेश्वरी_मिरची
मंगळवार, सकाळी ८:३०

बावळट नाही, हाच खरा प्रश्न हाय. तो येतच नाही! पोस्टमन दारात येतो म्हणून घराला नंबर लागतो. इथं उलट हाय, आपला एजंटच सारखा पोस्टात जाऊन विचारतो, माझं काय पत्र हाय का. हाय म्हटलं की घेऊन येतो, काम करतो, उत्तर परत नेऊन देतो. म्हणून फक्त बाहेर जाणारं ४४३ उघडं पाहिजे. आत येणारं एकही पोर्ट नको, स्टॅटिक आयपी नको.

तीन पत्ते मोकळे ठेवा म्हणजे झालं, आपल्या रीजनचे एसएसएम, एसएसएम मेसेजेस आणि ईसी२ मेसेजेस. कंपनीत प्रॉक्सी असली तर एजंटच्या सिस्टमडी फाईलमध्ये ती वेगळी सांगावी लागते, टर्मिनलमध्ये प्रॉक्सी सेट केली म्हणून एजंटला कळत नाही. ह्यात मी एक शनिवार घालवलाय.


उद्यमबागकर
मंगळवार, दुपारी १:१५

अक्का, दुसरंच कारण होतं. रोल वेगळा केला, काम झालं. मग लगेच दुसरा दणका, पासरोलची परवानगी नाही म्हणून. ते समजलं, स्क्रिप्ट ज्या युजरनं चालते त्याला तो रोल पुढं सोपवायचा हक्क पाहिजे, दिला.

आता तिसरं. मुदत चार तासांची द्यायची म्हणून पायथनमध्ये यूटीसी-नाऊ घेतलं, त्यात चार तास मिळवले आणि त्याचा टाइमस्टॅम्प काढून एक्स्पायरेशन डेटला दिला. तर म्हणतंय तारीख भविष्यातली पाहिजे. अहो चार तास पुढची आहे की! हाच कोड आठ तास दिले की चालतोय. डोकं गरगरतंय.


मलप्रभा
मंगळवार, दुपारी २:००

हा, हे छान आहे. यूटीसी-नाऊ जी वेळ देतं तिच्यावर कुठल्या झोनची ते लिहिलेलं नसतं. आणि झोन नसलेल्या वेळेचा टाइमस्टॅम्प काढला की पायथन ती मशीनच्या स्थानिक झोनची समजतो. तुमचा लॅपटॉप आपल्या वेळेवर. म्हणजे दुपारी एक वाजता यूटीसी सकाळचे साडेसात, त्यात चार तास, साडेअकरा. पायथन म्हणतो हे बेळगावचे साडेअकरा, ते तर दीड तासापूर्वी होऊन गेले. साडेपाच तासांपेक्षा जास्त दिलं की चालतं, म्हणून आठला चाललं.

झोन लावलेली वेळ द्या, डेटटाइमच्या नाऊला टाइमझोन यूटीसी सांगून. किंवा मुदत देऊच नका, न दिल्यास २४ तास धरतात. जास्तीत जास्त ३० दिवस.

आणि ही मुदत नोंदणी करण्याची आहे, नोंदलेलं मशीन मुदत संपल्यावर बाहेर पडत नाही. हे पुन्हा पुन्हा विचारलं जातं म्हणून आधीच लिहिते.

ती पेनड्राइव्हवरची २० मशीनची चावी अजून जिवंत असेल ना? डिलीट करा आजच्या आज.


उद्यमबागकर
मंगळवार, दुपारी २:१०

साडेपाच तास!! दंडवत अक्का. ती जुनी डिलीट करतो की, आज संध्याकाळी.


गोकाकचा_धबधबा
मंगळवार, रात्री ९:३०

एवढा पायथन कशाला लिहायचा? टेराफॉर्ममध्ये (क्लाउडची मांडणी फाईलमध्ये लिहून उभी करायचं साधन) अ‍ॅक्टिव्हेशनचा तयार रिसोर्स आहे. नाव, रोल, मर्यादा, मुदत, चार ओळी. रोलची पॉलिसी जोडून झाल्यावरच हे कर असं डिपेंड्स-ऑन लावलं की पहिली एररही बऱ्यापैकी सुटते. आम्ही सगळं असंच करतो, कोड गिटमध्ये, कोण काय बदलतंय दिसतं.


मलप्रभा
मंगळवार, रात्री १०:०५

धबधबा दादा, टेराफॉर्मला नाही म्हणत नाही, रोल आणि पॉलिसी मीही त्यातच ठेवते. पण अ‍ॅक्टिव्हेशनसाठी मला ते पटत नाही. अ‍ॅक्टिव्हेशनचा कोड एकदाच दाखवतात, नंतर मागितला तरी मिळत नाही, याला कारण आहे. टेराफॉर्म तो कोड स्टेट फाईलमध्ये (काय काय बनवलं त्याची त्याची नोंदवही) साध्या अक्षरात लिहून ठेवतो. ती फाईल लॅपटॉपवर, नाहीतर चुकून गिटमध्ये. शिवाय मुदत टाइमस्टॅम्प फंक्शननं काढली की दर वेळी प्लॅन चालवला की तारीख बदलते, आणि तारीख बदलली की तो जुनं मोडून नवं अ‍ॅक्टिव्हेशन करतो. रोज सकाळी बदल एक, मोडणार एक, बनणार एक. चार दिवसांनी माणूस प्लॅन वाचणंच सोडतो.


गोकाकचा_धबधबा
मंगळवार, रात्री १०:२०

स्टेट आम्ही एस३ मध्ये (क्लाउडमधली फाईलींची साठवण) कुलूपबंद ठेवतो, एन्क्रिप्ट करून. तारखेचं मात्र खरं, आमच्याकडं ते बदल दुर्लक्ष करायला सांगून ठेवलंय. तरी एक कबूल करतो, टेराफॉर्मनं डिस्ट्रॉय केलं तर अ‍ॅक्टिव्हेशन जातं, पण त्यावरनं नोंदलेली मशीन यादीत तशीच राहतात, ती काढायचं काम वेगळं. आमच्या यादीत दोन वर्षांपूर्वी भंगारात घातलेलं मशीन अजून कनेक्शन लॉस्ट म्हणून बसलंय, पितरासारखं.


चिक्कोडीकर
बुधवार, सकाळी ९:४५

विंडोज दोन आहेत म्हणालात, कुठलं व्हर्जन? २०१२ असेल तर अ‍ॅझ्युअर आर्कचा (मायक्रोसॉफ्टची अशीच सोय) विचार करा. २०१२ आणि २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, आर्कला जोडलं की पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. नुसतं जोडायला पैसे नाहीत, अपडेटला आहेत.

कोडनं जोडायचं म्हणजे सर्व्हिस प्रिन्सिपल (माणसाचं नाही, स्क्रिप्टचं खातं) बनवायचा, त्याला कनेक्टेड मशीन ऑनबोर्डिंग हा एकच रोल द्यायचा, मग प्रत्येक मशीनवर एजंटला कनेक्ट म्हणायचं. त्या रोलला मशीन आत आणता येतं, बाकी काही करता येत नाही, ते मला आवडतं.

एक ठेच आम्हाला लागलीय ती सांगतो. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचं काम करतो. गाळप संपलं की वजनकाट्याकडची आणि केनयार्डची मशीन बंद करून कपडा झाकून ठेवतात, पार दिवाळीपर्यंत. आर्कमध्ये १५ मिनिटं मशीनचा ठोका (मी चालू आहे हा निरोप) आला नाही की डिस्कनेक्टेड दिसतं, ते ठीक, पण ४५ दिवस आला नाही की एक्स्पायर्ड होऊ शकतं, मग त्या मशीनवर जाऊन तोडायचं आणि पुन्हा जोडायचं, दुसरा इलाज नाही. पहिल्या हंगामात उसाच्या गाड्या दारात आणि आम्ही मशीन मशीन फिरूलोय. आता मधनं महिन्यातनं एकदा चालू करून अर्धा तास ठेवतो. कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवलाय, अमावस्येशेजारी.


उद्यमबागकर
बुधवार, दुपारी १२:३०

विंडोज २०१९ हाय, ते इकडंच घालतो, दोन घरं नकोत. पण सीझनची गोष्ट भारी.

प्रगती सांगतो. उद्यमबागची सहा मशीन कोडनं केली. पहिल्यांदा एकच मशीन आत गेलं आणि दुसऱ्याला मर्यादा संपली म्हणाला. मर्यादा सांगितली नाही तर एकच धरतात हे कळलं, मग १४ केली.

आता दोन गोष्टी बघा. एक, यादीत सहाच्या सहा मशीनचं नाव बेळगाव-सर्व्हर! सगळ्यांच्या आयडी एमआय- पासून सुरू होणाऱ्या लांबलचक, कुठलं कोण ते आयपीवरनं हुडकावं लागतंय. दोन, सहा केली म्हणतोय पण दिसताहेत पाचच. एका ओळीचं कॉम्प्युटर नेम दर थोड्या वेळानं बदलतंय, कधी इआरपी, कधी हजेरी. भानामती झाल्यासारखं.


कुंदा_प्रेमी
बुधवार, दुपारी १२:३५

लिंबू-मिरची बांधा रॅकला.


मलप्रभा
बुधवार, दुपारी ३:१०

भानामती आधी सोडवू. इआरपी आणि हजेरी ही दोन्ही व्हर्च्युअल मशीन असणार, आणि एकावरनं दुसरी क्लोन केली असणार, एजंट नोंदवल्यानंतर. बरोबर?

नोंदणी झाली की एजंट आपली ओळख डिस्कवर ठेवतो, व्हार-लिब खालच्या अ‍ॅमेझॉन-एसएसएम फोल्डरमध्ये. क्लोन केलं की ती ओळखही कॉपी होते. एजंट सुरू होताना हार्डवेअरचा ठसा जुळवून बघतो, पण रॅम बदलली, डिस्क बदलली म्हणून मशीन परकं होऊ नये यासाठी ठसा पूर्ण जुळायची अट नसते, मूळ मर्यादा ४० टक्के. एकाच होस्टवरची जुळी भावंडं त्यात सहज पास होतात. मग दोघं एकाच नावानं पोस्टात जातात, मिरची दादांच्या भाषेत, आणि जो आधी पोचेल तो पत्र घेतो. तुम्ही इआरपीला रीस्टार्ट पाठवाल आणि हजेरी रीस्टार्ट होईल, हसण्यावारी नेऊ नका.

उपाय: हजेरीवर एजंट थांबवा, रजिस्टर आणि क्लिअर हे दोन स्विच देऊन जुनी ओळख पुसा, मग नव्या कोडनं नोंदवा. इथनं पुढं क्लोनसाठीच्या मूळ मशीनवर एजंट बसवायचा, पण नोंदवायचा नाही.

आता नावाचं. तुम्ही अजून स्क्रीनवरच्या सवयीनंच करताय, म्हणजे एक अ‍ॅक्टिव्हेशन काढायचं आणि सगळ्यांना तेच वाटायचं. हातानं करताना ते बरोबर आहे, १४ वेळा फॉर्म कोण भरणार. पण आता तुमच्याकडं लूप आहे! प्रत्येक मशीनला वेगळं अ‍ॅक्टिव्हेशन काढा. मर्यादा एक. मुदत दोन तास. डिफॉल्ट नावात त्या मशीनचं खरं नाव, आणि टॅग तिथंच द्या, ठिकाण, काम, कुणाच्या ताब्यात. अ‍ॅक्टिव्हेशनला दिलेले टॅग मशीनला आपोआप लागतात. म्हणजे नोंद होतानाच मशीन बारशासकट येतं, नंतर आयपीवरनं हुडकायला नको. पुढं निपाणी टॅगवाल्यांनाच कमांड, असंही पाठवता येतं.

आणि आधी म्हटलं होतं ना, रोलला अ‍ॅडमिन देऊ नका. कारण हे: तो कोड ज्याच्या हाती पडेल तो स्वतःचं कुठलंही मशीन तुमच्या खात्यात नोंदवू शकतो, आणि नोंदवलं की त्या मशीनला त्या रोलचे हक्क मिळतात. २० मशीनचा, ३० दिवसांचा कोड म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली. एक मशीन, दोन तास, वापरला की संपला, असा कोड कुणाला सापडला तरी तो त्याचं काय लोणचं घालणार.


संकेश्वरी_मिरची
बुधवार, दुपारी ३:४०

+१. बसमधल्या तिकिटासारखं, एका सीटला एक, त्या फेरीपुरतं. सरसकट पास काढला की कोण बसलाय कळत नाही.

मशीनवर जाऊन चालवायचा भाग अ‍ॅन्सिबलनं करा, ते साधन सगळ्या मशीनवर जाऊन तीच कामं करतं, स्वतःचं एसएसएच लिहीत बसू नका. रजिस्टरच्या टास्कला क्रिएट्स लावा आणि त्यात त्या फोल्डरमधल्या रजिस्ट्रेशन फाईलचा पाथ द्या. फाईल असली तर तो टास्क सोडून पुढं जातो. नाहीतर प्लेबुक दुसऱ्यांदा चालवलं की तेच मशीन नव्या आयडीनं पुन्हा नोंदवलं जातं आणि जुनी आयडी यादीत मढं होऊन पडते. उबंटूवर एजंट स्नॅपमधनं आला असेल तर प्रोग्रामचा पाथ वेगळा असतो तेवढं बघा.

आणि टास्कला नो-लॉग लावा, नाहीतर कोड स्क्रीनवर छापून येतो.


खानापूरचा_पाहुणा
बुधवार, सायंकाळी ६:००

मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर करून बघितलं, एक चिठ्ठी (म्हणजे एका मशीनपुरता कोड), एक मशीन. ऑनलाइन दिसलं! पण सेशन मॅनेजरनं आत शिरायला गेलो तर प्रगत श्रेणी चालू करा म्हणतोय. पैसे पडतात का?


मलप्रभा
बुधवार, सायंकाळी ७:१५

पडतात. बाहेरची मशीन प्रत्येक रीजनमध्ये १००० पर्यंत साध्या श्रेणीत फुकट, त्यात रन कमांड वगैरे चालतं. ब्राउझरमधनं थेट शेल पाहिजे तर प्रगत श्रेणी, मी शेवटचं बघितलं तेव्हा मशीनमागं तासाला ०.००६९५ डॉलर होते. आकडा मुंगीएवढा दिसतो, पण ३० दिवसांचे साधारण ५ डॉलर, १७ मशीनचे ८५. आणि एका मशीनपुरतं चालू करता येत नाही, त्या खात्यातली त्या रीजनमधली सगळी बाहेरची मशीन एकदम त्या श्रेणीत जातात. तू चालू करू नकोस बाळा, रन कमांडवर भागव.


उद्यमबागकर
गुरुवार, रात्री ११:५०

मंडळी, आज सगळं नव्यानं केलं. एक सीएसव्ही केली, नाव, ठिकाण, काम, ताबा, आयपी. पायथन ती वाचतो, एकेकाचं अ‍ॅक्टिव्हेशन काढतो, कोड फाईलमध्ये न लिहिता तसाच अ‍ॅन्सिबलला देतो. आधीची बेळगाव-सर्व्हरवाली पाच डीरजिस्टर करून, सहाही मशीनवर क्लिअर मारून पुन्हा घातली. हजेरी आता हजेरीच आहे.

खानापूरनं मात्र रडवलं. तिथलं मशीन म्हणे सर्टिफिकेट अजून वैध नाही. बघतोय तर तारीख २०१५! लाईट जाऊन येऊन मदरबोर्डचा सेल मेलेला. तिथल्या ऑपरेटरला फोन करून तारीख-वेळ हातानं घालायला लावली. मग सर्टिफिकेट मानलं, पण आता सही अजून लागू झालेली नाही अशी एरर. अर्धा तास डोकं फोडल्यावर विचारलं, वेळ कशावरनं घातलीस रे? म्हणतो भिंतीवरच्या घड्याळावरनं. ते घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवलंय, पोरं कामावर वेळेत यावीत म्हणून!


संकेश्वरी_मिरची
शुक्रवार, सकाळी ७:३०

😂 त्यांच्याकडं सहीच्या वेळेत पाच मिनिटांची सूट असते, दहाची नाही. क्रोनी (इंटरनेटवरनं घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बसवा आणि राउटरवर यूडीपी १२३ बाहेर जातंय का बघा. आणि सेल बदला, सीआर२०३२, खडेबाजारात कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो.


उद्यमबागकर
शुक्रवार, सायंकाळी ५:२०

सेल बदलला, क्रोनी बसवलं. खानापूर ऑनलाइन.

आता शेवटचं कोडं. सीएसव्हीत १७ ओळी. पहिली हातानं केलेली तीन धरून १७. यादीत दिसताहेत १८. अठरावं ऑनलाइन आहे, हिरवंगार. ते माझं नाही.


कुंदा_प्रेमी
शुक्रवार, सायंकाळी ५:२२

अक्काऽऽऽ


मलप्रभा
शुक्रवार, सायंकाळी ५:४०

डिस्क्राइब इन्स्टन्स इन्फर्मेशन चालवा. प्रत्येक मशीनसमोर कॉम्प्युटर नेम, आयपी, नोंदणीची तारीख आणि कुठल्या अ‍ॅक्टिव्हेशननं आत आलं त्याची आयडी मिळते. ती अ‍ॅक्टिव्हेशन आयडी कुठली आहे ते सांगा. आणि तोवर सगळ्या मशीनना म्हणून कुठलीही कमांड पाठवू नका.

मंगळवारी एक गोष्ट संध्याकाळी करतो म्हणाला होता.


उद्यमबागकर
शुक्रवार, रात्री ८:१५

अक्का, काय सांगू. जुनीच चावी. तीच, २० वाली. डिलीट करायचं राहिलं ते राहिलंच.

नोंदणीची तारीख बुधवारची, कॉम्प्युटर नेम काटा. निपाणीच्या गोडाऊनला फोन लावला. तिथल्या पोराला मी मागच्या खेपेला म्हटलं होतं की ही पेनड्राइव्ह सांभाळून ठेव, यातल्या स्क्रिप्टनं मशीन चांगलं चालतं. वजनकाट्याचा पीसी बुधवारी अडकायला लागला, ह्यानं त्याला तीच स्क्रिप्ट चालवली, औषध दिल्यासारखी! तो पीसी उबंटूवर मीच आणला होता दोन वर्षांपूर्वी, म्हणून स्क्रिप्ट विनातक्रार चालली. म्हणतो दादा, त्यानंतर बरा चाललाय बघा.

माझा आवाज चढणार होता, पण चूक कुणाची ते कळतंय. चावी डिलीट केली, स्क्रिप्ट पुसायला लावली. तरी काटा यादीत ऑनलाइनच! मग आठवलं, चावी गेली म्हणून आत आलेला बाहेर जात नाही, वर लिहिलंय धबधबा दादांनी. वेगळा डीरजिस्टर केला.


गोकाकचा_धबधबा
शुक्रवार, रात्री ८:४०

पहिली तीन त्याच चावीवरची आहेत ना अजून? तीही बदलून घ्या, नाव-टॅग नसतील त्यांना.


उद्यमबागकर
शनिवार, दुपारी २:००

घेतली. निपाणीचं लाईट आल्यावर दुपारी झालं, यावेळी घाट न उतरता.

काट्याचं मालकांना सांगितलं, एक पीसी चुकून आत आला होता, काढला म्हणून. ते म्हणाले काढलास कशाला, तो बंद पडला की ट्रकांची रांग हायवेपर्यंत लागते, त्याच्यावर तर पहिलं लक्ष पाहिजे. खरंय की. मी सर्व्हर सर्व्हर म्हणत १७ मोजत बसलो, आणि ज्याच्यावर गोडाऊन चालतं तो माझ्या यादीतच नव्हता. सीएसव्हीत अठरावी ओळ घातली, ताबा या रकान्यात त्या पोराचं नाव. चिठ्ठी काढली, मर्यादा एक, मुदत दोन तास, त्याच्याचकडनं चालवून घेतली फोनवर.


कुंदा_प्रेमी
शनिवार, दुपारी २:०५

आणि पगाराचं?


उद्यमबागकर
शनिवार, दुपारी २:०६

कुंदा नेला होता. खाल्ला त्यांनी.